मागचा डावा बेर्नाबे

“नऊ बेर्नाबे,” नोएमीबाई म्हणाल्या. “एकाच दिवशी, एकाच पाद्रीनं, एकाच घमेल्यातल्या पाण्यानं बाप्तिस्मा केलेले.”

चर्चच्या मागच्या खोलीत खांदेकरी संघाची बैठक भरली होती. पंखा होता, पण त्याची मान कित्येक वर्षांपूर्वी पाद्रेंच्या दिशेला अडकली होती ती अडकलीच. त्यामुळे पाद्रे गार आणि बाकीचे घामाघूम. एलादियो बाहामोन दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. त्याच्या पँटला बोटीच्या इंजिनाचं तेल लागलेलं होतं आणि खुर्च्यांना नुकतंच नवं कापड चढवलेलं होतं.

“नऊ कसे?” मुकादम एवारिस्तोनं विचारलं. “गावातल्या सगळ्या बायकांना एकच नाव सुचलं?”

“बायकांना विचारतंय कोण? तेव्हा इथं पाद्री राहायचाच नाही. वर्षातून एकदा, नदी भरली की होडीनं वर यायचा आणि वर्षभरात जन्मलेली सगळी पोरं एका दमात उरकायचा. नाव कुठलं? तर ज्या संताचा दिवस, त्याचं. त्या साली तो पोचला अकरा जूनला, संत बेर्नाबेच्या दिवशी. झाले सगळे बेर्नाबे.”

“आणि मुली?”

“बेर्नाबेला.”

“आणि दोन दिवस उशिरा पोचला असता तर?”

“तर आज आपण नऊ आंतोनियोंबद्दल बोलत असतो.”

लोक हसले. एलादियोही हसला. हसताना त्याचा डावा खांदा उजव्याच्या खाली लोंबायचा, पाटी एका बाजूनं सुटावी तसा. गावचा शिंपी त्याच्या शर्टाची डावी बाजू न विचारताच दोन बोटं उतरती कापायचा.

या खांद्याचीच ही बैठक होती. गुड फ्रायडेला मेलेल्या ख्रिस्ताची काचेची पेटी गावातून फिरते. तिला खांदेकरी आठ. पावणेतीनशे वर्षांपूर्वी तापाची साथ आली, तेव्हा आठ जणांनी शपथ घेतली होती : ताप उतरू दे, आम्ही आणि आमचे वंशज पिढ्यानपिढ्या खांदा देऊ. ताप उतरला. तेव्हापासून आठ जागा आठ घराण्यांच्या, आणि मुकादम आजही खांदेकऱ्यांना त्या पहिल्या आठ जणांच्याच नावानं हाका मारतो. मागचा डावा कोपरा म्हणजे ‘बेर्नाबे’. नदीकडून परत येताना रस्ता चढाचा, शिवाय डावीकडे कललेला. म्हणजे सगळा भार बेर्नाबेवर. ही जागा बाहामोनांची. एलादियोच्या आजोबांचा खांदा तिथं गेला, बापाचा गेला, आता याचा जात होता. कुणी हेवा करावा अशी जागाच ती नव्हती.

आणि कुणी केलाही नव्हता. सगळं अवलक्षण झालं ते लेओविहिल्दो आर्रासोलाच्या हौसेपायी.

आर्रासोलानं धक्क्यासमोर नवं हॉटेल बांधलं. आत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर आपला वंशवृक्ष असावा, असं त्याला वाटलं. रंगाऱ्यानं झाड रंगवूनही टाकलं : जाड खोड, हिरवीगार पानं, शेंड्याला शिरस्त्राण आणि दोन तलवारी. फक्त नावं भरायची राहिली होती. त्यासाठी कार्ताहेनाहून या नोएमीबाईंना बोलावलं. बाई हुशार होत्या, मेहनती होत्या, आठवडाभर जुन्या बाडांची धूळ खाऊन शिंकत राहिल्या. आणि त्यांच्यात एकच खोट होती, ती आर्रासोलाला आधी कुणी सांगितली नाही. बाई खोटं लिहायच्या नाहीत.

“नवांतले पाच लहानपणीच गेले,” बाई सांगत होत्या. “एकाला मगरीनं नेलं. तशी नोंद आहे. एक पाद्री झाला.”

“म्हणजे तोही गेलाच,” एवारिस्तो पुटपुटला. पाद्रेंनी ऐकलं नाही. पंख्याचा आवाज होता.

“उरले दोन. एक सुतार, एक होडीवाला. इतकी वर्षं गाव या दोघांना एकच माणूस समजत आलं.”

आता एलादियो बोलला. “आमचा आजा सांगायचा, आपल्या बेर्नाबेनं ती पेटी स्वतः घडवली. आणि होड्याही वल्हवायचा.”

“हो ना. त्या हिशेबानं तुमच्या बेर्नाबेनं सुतारकी केली, होडी वल्हवली, दोन बायका केल्या आणि तो दोनदा मेला. दुसऱ्यांदा बहुतेक दमूनच.” बाईंनी चष्मा काढून पुसला. आता कुणाला हसू द्यायचं नाही असं ठरवून आलेल्या माणसासारख्या त्या एकदम हळू बोलायला लागल्या. “शपथ घेतली ती सुतारानं. होडीवाल्याला घेताच आली नसती. शपथ झाली त्या गुड फ्रायडेला तो खालच्या बंदरात कैदेत होता. ऑगस्टमध्ये सुटला.”

“कैदेत कशाला?”

“चोरी. मेणबत्त्यांचं मेण.”

“कुठलं?”

“याच चर्चचं.”

सगळ्यांनी एलादियोकडे पाहिलं, जणू मेण अजून त्याच्या खिशात होतं.

“आणि तुम्ही, बाहामोनकाका, होडीवाल्याचे. त्याच्या नातीच्या लग्नापासून तुमच्यापर्यंत सरळ धागा आहे, कुठं तुटत नाही. सुताराची मुलं देवीच्या साथीत गेली, त्याच्यामागे त्याची मुलगी तेवढी राहिली. त्या मुलीचा धागा येतो...” बाईंनी बोट उचललं आणि ते न्यावं कुठं हे कळेना तसं हवेतच ठेवलं. “सेन्योर आर्रासोलांकडे.”

आर्रासोला उठून उभा राहिला. सरदार, निदान एखादा कप्तान निघेल म्हणून तो इस्त्रीचा कोट घालून आला होता. निघाला सुतार. बरं, सुतार निघाला तो निघाला, सोबत मागचा डावा कोपरा घेऊन निघाला. आर्रासोलाला अंतर्गळ होता. गावातल्या औषधाच्या दुकानात त्याचा पट्टा त्याच्या नावानं वेगळा ठेवलेला असे.

“माझं काही म्हणणं नाही,” तो घाईनं म्हणाला. “एलादियोच राहू दे तिथं. मला फक्त भिंतीसाठी...”

“लेओविहिल्दो,” मागच्या खुर्चीवरून त्याची बायको म्हणाली, “जागा ज्याची, कोनाडा त्याचा.”

खरी गोष्ट ती होती. गावच्या कब्रस्तानात मेलेल्यांना भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवतात, आणि ते कोनाडे भाड्याचे. मुदत संपली आणि कुणी पुढचं भाडं भरलं नाही, की राखणदार कोनाडा फोडतो आणि हाडं कोपऱ्यातल्या विहिरीत टाकतो. कुणाचं काय, याचा मग देवालाच पत्ता. फक्त संघाच्या भिंतीतले आठ कोनाडे कायमचे, आठ घराण्यांचे. तिथून कुणी कुणाला काढत नाही. आर्रासोलाची सासू भाड्याच्या कोनाड्यात होती आणि तिची मुदत संपत आली होती. हॉटेलात दहा खोल्या बांधणाऱ्या जावयानं सासूला एक खोली कायमची दिली नाही, हे बायको त्याला जेवताना, झोपताना आणि चर्चमध्ये ऐकवायची.

बेर्नाबेच्या कोनाड्यात जुन्या बाहामोनांची माती झाली होती, आता तिथं एलादियोचा मुलगा होता. रोसेंदो.

एवारिस्तोनं घसा साफ केला. रोसेंदोचा तो धर्मबाप. म्हणजे एलादियोचा कोम्पाद्रे, सख्ख्या भावापेक्षा जवळचा. “मग असं करू या,” तो म्हणाला. “बाई आल्याच आहेत, तर बाकीच्या सात जागांचंही तपासून घेऊ. कोण खरा कोण खोटा, एकदाच होऊन जाऊ दे.”

सात घराण्यांना एकदम आपापली कॉफी गार झाल्याची आठवण झाली.

“तसं मी थोडं बघितलंय,” बाई म्हणाल्या. “पुढच्या उजव्या जागेचं तर—”

“बाई,” पाद्रे म्हणाले, “संघ आपला अत्यंत आभारी आहे.”

टाळ्या झाल्या. चौकशी तिथंच संपल्याचं ठरलं. नियम नियमच असतो, असंही ठरलं. नियमाला आठ जागा असल्या तरी तो एका वेळी एकाच जागेला लागू करायचा असतो, असं कुणी म्हणालं नाही, पण ठरलं.

एलादियोनं दारातून एवढंच विचारलं, “कोनाडा कधी मोकळा करायचा?”

“ईस्टरनंतरच्या सोमवारी चालेल,” पाद्रे म्हणाले. “आपण काही राक्षस नाही.”

बाहेर पायऱ्यांवर नोएमीबाईंनी त्याला गाठलं. उन्हात त्या आणखी लहान दिसत होत्या.

“मला तुमच्या मुलाचं माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “खरंच नव्हतं. पण माहीत असतं, तरी मी वेगळं लिहिलं नसतं.”

“तुमचं काय चुकलं? चोर माझा.” एलादियोनं खिशातून चिंधी काढून हात पुसले, ते स्वच्छच होते. “एक सांगा. आम्ही मग त्या जागेवर आलो कसे?”

“ते कुठं लिहिलेलं नाही. माझा अंदाज सांगते. सुतार गेला, मुलं गेली. गुड फ्रायडे आला. मुकादमानं नेहमीसारखी ‘बेर्नाबे’ म्हणून हाक मारली असणार. आणि जो बेर्नाबे मोकळा होता, तो आला असणार.”

“आणि परत गेला नाही.”

“कुणी जा म्हणालं नसेल.”

एलादियोनं मान हलवली. बंद पडलेल्या इंजिनात नक्की काय बिघडलंय ते सापडल्यावर तो अशीच मान हलवायचा. सापडलं म्हणजे दुरुस्त होतंच असं नाही.

घरी दोमितिला मासे तळत होती. त्यानं सगळं सांगितलं, बेर्नाबेच्या हाकेसकट. ती पाठ न वळवता ऐकत होती.

“म्हणजे अडीचशे वर्षं दुसऱ्याचं ओझं फुकट वाहिलं,” ती म्हणाली, “आणि वर चोर आपणच.”

“मेण परत मागितलं नाही त्यांनी.”

“मागतील. पाद्रेंना सुचलं नसेल अजून.” तिनं मासा उलटला. तेल चरचरलं. “आणि पोराला कुठं न्यायचं?”

“एवारिस्तो भाड्याचा कोनाडा बघतोय. तिसऱ्या रांगेत.”

“तिसऱ्या रांगेत शिडी लागते.”

“धरीन मी शिडी.”

“भाडं थकलं की विहिरीत.”

“थकू देणार नाही.”

“तू काय अमर आहेस?”

रोसेंदो नऊ वर्षांपूर्वी नदीनं वर गेला होता, लाकूडतोडीच्या कामावर. तिथं काय झालं ते कुणी नीट सांगितलं नाही. त्या दिवसांत वरच्या अंगाला कुणाचंच नीट सांगितलं जात नव्हतं. एक दिवस बोटीतून जस्ताची पेटी आली, चारी बाजूंनी डाख लावून बंद केलेली, वर शिक्क्याचा कागद. उघडू नका, असं आणणाऱ्यानं बजावलं. त्यांनी उघडली नाही. संघाच्या आठ जणांनी ती खांद्यावरून नेली आणि मागच्या डाव्या कोपऱ्यावर बापच होता.

तेव्हापासून दोमितिला दर सोमवारी कब्रस्तानात जायची. सगळ्याच बायका जातात, सोमवार मेलेल्यांचा. बाकीच्या फुलं न्यायच्या, ही कापूरतेलाची बाटली न्यायची. रोसेंदो सात वर्षांचा असताना धक्का आणि होडी यांच्यामध्ये पडला होता. डाव्या पायाची नळी मोडली. हाड बसवणाऱ्यानं ती बसवली, पण दारूच्या तारेत. नळीवर लिंबाएवढी गाठ राहिली ती राहिलीच. हवा दमट झाली की पोर कळवळायचं, आणि दोघांपैकी जो मोकळा असेल तो त्या गाठीवर अंगठ्यानं तेल जिरवत बसायचा. पुढं मिशा फुटल्या तरी संध्याकाळी पाय पुढं करायचा. “कर ना गं, आई, घोडा झालो म्हणून काय झालं?” घोडा गेला. नऊ वर्षं बाई कोनाड्याच्या चुन्याला तेल लावून येत होती, आणि कोनाड्याखाली पिवळा ओघळ कायमचा पडला होता.

गुड फ्रायडेला एलादियो जाणार नव्हता. दोमितिला म्हणाली, “न जायला तू काय मेण चोरलंयस?” म्हणून गेला.

इतक्या वर्षांत त्यानं मिरवणूक कधी बघितलीच नव्हती. पेटीखालून दिसतात ती पुढच्याची टाच आणि रस्त्याचे दगड. फुटपाथवर मेणबत्ती धरून उभं राहिल्यावर त्याला पहिल्यांदा कळलं की त्या पेटीला सोनेरी वेलबुट्टी आहे.

आर्रासोला मात्र बघण्यासारखा होता. नवाकोरा जांभळा झगा, आत अंतर्गळाचा पट्टा, खांद्यावर झग्याखाली उशीचा कापूस. मुलाला ये म्हणून त्यानं परदेशी दहा फोन केले होते. मुलगा म्हणाला, बाबा, मला इथं दंतवैद्याची वेळ मिळालीय. बाकीच्या सातांच्या मानानं आर्रासोला चार बोटं बुटका, म्हणून त्यानं उंच टाचांचे बूट घातले होते. जाताना उतार होता, तोवर ठीक चाललं. परतताना चढ लागला, आणि टाचा दगडांच्या फटीत बसू लागल्या. पेटी मागं डावीकडे कलायला लागली. आत ख्रिस्त होता लाकडाचा, आणि गादी होती रेशमाची. तो हळूहळू घसरत कोपऱ्यात आला आणि काचेला गाल लावून थेट आर्रासोलाकडे बघायला लागला.

बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, “उतरतोय का तो?”

“बेर्नाबे, उचल,” एवारिस्तो ओरडला.

आर्रासोलानं उचलायचा प्रयत्न केला. त्याच्या तोंडून चेंगरलेल्या बेडकासारखा आवाज आला, आणि तो एक गुडघा टेकून, मग दुसरा टेकून, रस्त्यावर बसलाच. भक्तीनं बसला असं वाटून मागच्या चार बायकाही गुडघ्यांवर बसल्या. पेटीचा कोपरा खाली आला. पलीकडच्या खांदेकऱ्याची मान ताणली गेली, कुठली तरी काच करकरली.

“बेर्नाबे!” एवारिस्तोचा आवाज फाटला. “बेर्नाबे, कुठं मेलास?”

एलादियो जागचा हलला नाही. दोमितिलानं त्याच्याकडे बघितलंही नाही. नुसता हात पुढं करून त्याच्या हातातली मेणबत्ती काढून घेतली.

तो रस्त्यात उतरला, आर्रासोलाला ओलांडून गेला आणि खांदा दांड्याखाली घातला. खांद्यात खाच होतीच. दांडा तिच्यात बसला, कडी कोयंड्यात बसावी तसा. पेटी सरळ झाली. ख्रिस्ताचा गाल काचेवरून सुटला. मग तेलाच्या डागांच्या पँटमध्ये, झग्याशिवाय, एक पाऊल टाक आणि थांब, एक पाऊल टाक आणि थांब, असा तो चढ चढला. बाजूनं चालणाऱ्या एवारिस्तोनं उरलेल्या रस्त्यात बेर्नाबेला एकदाही हाक मारली नाही. त्याला ती मारवेना.

चर्चमध्ये पेटी ठेवल्यावर पाद्रेंनी एलादियोच्या पाठीवर हात ठेवला. संघानं नंतर रीतसर ठरावही केला : श्री. बाहामोन यांनी बाहेरून केलेल्या मदतीबद्दल आभार. ‘बाहेरून’ हा शब्द बराच विचार करून घातला होता.

आर्रासोलाला दोघांनी धरून आणलं. तो राखेसारखा झाला होता. त्यानं एलादियोचे दोन्ही हात धरले.

“तुझे उपकार मी विसरणार नाही.” डोळ्यांत खरंच पाणी होतं. “अरे, मी कुठं मागितलं होतं हे? मला फक्त भिंतीवर चार नावं हवी होती.” मग त्यानं बायकोकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “आणि... सोमवारचं जमेल ना? सासूबाईंची मुदत मंगळवारी संपते.”

“जमेल,” एलादियो म्हणाला.

सोमवारी राखणदार चेपेनं छिन्नीनं चुना फोडला. पिवळा ओघळ तुकड्यांबरोबर खाली पडला. दोमितिलानं जुन्या चादरीची पांढरी पिशवी शिवून आणली होती. हाडं धुवायला उसाची दारू आणली होती, आणि तेलाची बाटली होतीच. एवारिस्तो पलीकडच्या भिंतीशी, तिसऱ्या रांगेतला नवा कोनाडा आतून सारवत होता. तो इकडं बघत नव्हता.

जस्ताची पेटी उघडायला एलादियोनं आपली पत्र्याची कात्री आणली होती. चेपे म्हणाला, “काका, मी कापतो.” एलादियो म्हणाला, “धार बिघडवशील.”

पत्रा वळला. वास यायचा काळ संपून गेला होता. ओल्या पालापाचोळ्यासारखं काही तरी होतं, शर्टाचं एक बटण होतं आणि हाडं होती. एलादियो एकेक काढून द्यायचा, दोमितिला दारूच्या बोळ्यानं पुसून चादरीवर मांडायची. आधी डोकं. ते तिनं मांडीवर घेतलं, पुसलं, आणि खाली ठेवताना चादरीची घडी करून त्याखाली सरकवली. मग हात. मग बरगड्या, एकेक, भांडी लावावीत तशा.

मग पायाची नळी आली. एलादियोचा अंगठा सवयीनं तिच्यावरून खाली गेला. काही लागलं नाही. उजवी असेल, असं त्याला वाटलं. त्यानं ती बाजूला ठेवली आणि दुसरी शोधली. तिच्यावरून अंगठा वरून खाली गेला, खालून वर आला. दोन्ही नळ्या सरळ. नव्या इंजिनाच्या दांड्यासारख्या, कुठं गाठ नाही, कुठं साधी खूण नाही. हा पाय जन्मात कधी मोडला नव्हता.

त्यानं पेटीत वाकून पाहिलं. आणखी नळी नव्हती. माणसाला दोनच असतात.

“काय झालं?” दोमितिलानं विचारलं.

“काही नाही. या दोन मी पुसतो.”

“आण इकडे.”

“मी पुसतो म्हणतोय ना.”

“एलादियो, आण.”

त्यानं दिल्या. तिचा अंगठाही तसाच खाली गेला. मध्यावर, नेहमीच्या जागी, जरा थांबला. मग पुढं घोट्यापर्यंत गेला. तिनं दुसरी घेतली. पलीकडं एवारिस्तोच्या थापीचा आवाज येत होता. दोमितिलानं दोन्ही नळ्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या.

“दोमिती...” एलादियो म्हणाला. “हा तो...”

“गप्प बस,” ती म्हणाली. “हाक मारली तेव्हा हाच आला.”

तिनं बाटलीचं बूच काढलं, तळव्यावर तेल घेतलं आणि चोळायला लागली. याला कुठं दुखायचं ते तिला माहीत नव्हतं, म्हणून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सगळ्या नळीला चोळलं. मग दुसऱ्या नळीला. बाटली संपेपर्यंत.

सगळं पिशवीत भरून झाल्यावर चेपेनं कागद काढला, पेन्सिलीला थुंकी लावली. “नव्या कोनाड्यावर नाव काय लिहू? नियम आहे, विचारावं लागतं.”

एलादियोनं तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांसमोर नोएमीबाईंसारखी कुणी तरी बाई आली, अजून दोनशे वर्षांनी शिंकत शिंकत हे पान उलटणारी.

“रोसेंदो बाहामोन,” दोमितिला म्हणाली. “एलादियो आणि दोमितिलाचा मुलगा. नीट लिही, कोंबडीचे पाय काढू नकोस.”

चेपेनं लिहिलं. मग पिशवी उचलायला वाकला.

“राहू दे,” एलादियो म्हणाला.

त्यानं ती डाव्या खांद्यावर घेतली. पिशवी हलकी होती आणि जमीन सपाट होती. तरी तो एक पाऊल टाकून थांबत, एक पाऊल टाकून थांबत गेला; आणि दोमितिला शिडी धरायला पुढं झाली.